बड्या दिवसाची तिकिटं

रजई बाजूला सारायची हिंमत करा. तारीख २४ डिसेंबर १९६२, वार सोमवार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला गारठा पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजत नाही. वर दगडी पटियांचं छत, खाली दगडी फरशी. रात्रभर दोन्ही गारठतात आणि सकाळी दहापर्यंत तो गारठा घरातल्या माणसांवर काढतात. न्हाणीघरात बंब पेटलाय. त्याच्याजवळ जागा मिळवण्यासाठी जी ढकलाढकली चालते तिच्यात तुमचा नंबर शेवटचा, कारण तुम्ही दहा वर्षांचे आहात.

घर खासगी बाजारातलं. कुणाचं ते विचारू नका. तुमच्या आजोळचं असेल, आजोळच्या शेजाऱ्यांचं असेल. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याखाली पडली ती उठलीच नाही, तिचंच लष्कर नावाचं शहर झालं. फौजेमागून कारकून आले, कारकुनांमागून भिक्षुक, कीर्तनकार, गवई. दीडशे वर्षांनंतर त्यांची पतवंडं घरात मराठी बोलतात आणि ओट्यावरून खाली उतरली की हिंदी. आजी दोन्ही एकाच वाक्यात बोलते. "त्या सब्जीवाल्याला म्हणावं, कल का हिसाब कल, आज नुसती मेथी दाखव."

आता दप्तर उघडा. अंकगणिताच्या वहीत घडी न मोडता ठेवलेलं एक पान आहे. शनिवारी शाळा सुटताना मास्साबांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक दिलं. छोट्या छोट्या रंगीत तिकिटांच्या ओळी, मध्ये टाचणीने टोचल्यासारखी भोकं, प्रत्येक तिकिटावर लाल रंगाचा दुहेरी आडव्या दांड्याचा क्रूस आणि टीबी ही दोन अक्षरं. किंमत काही नये पैसे. सुट्टी संपल्यावर पैसे आणून द्यायचे. "घर घर जाओ, बेटा. बीमारों की मदद होगी," मास्साब म्हणाले. ट्यूबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडियाची ही मोहीम १९५० पासून दरवर्षी चालते. गांधीजयंतीला सुरू होते आणि २६ जानेवारीला संपते. तुमच्या वाट्याला ती नेमकी बड्या दिवसाच्या, म्हणजे नाताळच्या, सुट्टीत आली.

सगळ्यात आधी तुम्ही आजोबांकडे जाता. तिकीट म्हटलं की आजोबा. ते दरबारच्या नोकरीत होते. आता पेन्शन आणि भिंग यांवर दिवस काढतात. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्यांचा खजिना आहे: विलायतच्या राणीचं, मग राजांचं तोंड असलेली टपाल तिकिटं आणि त्यांवर काळ्या शाईत छापलेलं 'ग्वालियर'. १८८५ पासून संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं घेऊन त्यांवर आपलं नाव छापत असे. आजोबा तुमचं पान उजेडात धरतात, भिंग फिरवतात आणि निकाल देतात.

"किंमत आहे, पण टपालाला चालत नाही. मग हे तिकीट कसलं?"

*

आजोबांना उत्तर हवंय, तेव्हा जरा लांबची उडी घ्यावी लागेल. डिसेंबर १९०३, कोपनहेगन. इथली थंडी लष्करालाही लाजवील. टपाल कचेरीत नाताळच्या पत्रांचे ढीग पडलेत आणि त्यांच्यामागे आयनार होल्बोल नावाचा कारकून उभा आहे. पत्रं निवडता निवडता त्याच्या मनात येतं, की इतके लोक इतक्या शुभेच्छा धाडतात, तर प्रत्येक पाकिटावर दोन ओरचं एक जास्तीचं तिकीट का लावू नये? त्या पैशातून क्षयाच्या मुलांसाठी रुग्णालय उभं राहील. वरिष्ठांना कल्पना पटली, नवव्या ख्रिस्तियान राजालाही पटली. पुढच्या नाताळात, १९०४ मध्ये, दिवंगत राणी लुईसे हिचं चित्र असलेली तिकिटं निघाली आणि पहिल्याच हंगामात चाळीस लाखांहून अधिक खपली.

त्याची अक्कल पैसे गोळा करण्यापुरती नव्हती, असं मला वाटतं. पैसे पेटीतही गोळा होतात. याने दान पाकिटाच्या बाहेर चिकटवायला लावलं. पोस्टमन बघणार, शेजारी बघणार, ज्याला पत्र जाईल तो बघणार. ज्या रोगाचं नाव लोक कुजबुजत घेत, तो रोग त्याने शुभेच्छापत्रावर आणून बसवला.

आणखी एक उडी. डिसेंबर १९०७, अमेरिका. विल्मिंग्टन गावाजवळ नदीकाठी क्षयाचं एक छोटं आरोग्यधाम आहे. ते चालू ठेवायला तीनशे डॉलर हवेत आणि ते कुणाकडे नाहीत. तिथल्या डॉक्टरांची चुलतबहीण एमिली बिसेल हिने जेकब रीस या डेन्मार्कहून आलेल्या पत्रकाराचा लेख वाचलाय; त्याला घरून आलेल्या पत्रांवर ही तिकिटं होती. तिने तशीच छापून घेतली, एका सेंटला एक. सुरुवातीला खप बेताचाच. मग तिने फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राला गळ घातली आणि हंगामाअखेर तीनशेचे तीन हजार झाले. त्या कचेरीतला एक किस्सा अजून सांगतात. पेपर विकणारा एक फाटका पोरगा आला, टाचा उंचावून गल्ल्यावर एक सेंट ठेवला आणि एक तिकीट मागितलं. माझ्या बहिणीला तेच झालंय, म्हणाला. सगळ्यांदेखत.

फिलाडेल्फियाचं नाव आपल्याला परकं नाही. इथंच मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. वर्षही उलटलं नाही, २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात गेल्या, क्षयाने, वयाच्या एकविसाव्या वर्षी. एमिली बिसेलच्या गल्ल्यावर पहिला सेंट पडायला अजून वीस वर्षं होती, आणि औषध निघायला साठ.

*

परत चला, बंबातलं पाणी निवायच्या आत.

पान घेऊन तुम्ही ओट्यावरून उतरता. पहिलं घर समोरच्या काकूंचं. काकू पदराला हात पुसत येतात, पान हातात घेतात आणि टीबी वाचल्याबरोबर दोन बोटांत धरतात. तिकिटं राहतात बाजूला.

"काय रे, तुझी आत्या हल्ली दिसत नाही ती?"

"विषमज्वर झालाय तिला," तुम्ही म्हणता. हे तुम्हाला पढवलेलं आहे, आणि तुम्ही ते गडबडीने म्हणता, जसं पढवलेलं म्हणतात.

"अजून? दसऱ्यापासून?"

काकू एक तिकीट घेतात आणि पैसे तुमच्या हातावर जरा वरून टाकतात. पुढच्या वळणावरचा पंसारी हात जोडतो. त्याने कालच संरक्षण निधीला दिलेत, भैय्या, अब और कितना. त्याचं खोटं नाही. चीनशी युद्ध होऊन महिना झालाय. ऑक्टोबरात आणीबाणी जाहीर झाली, २१ नोव्हेंबरला गोळीबार थांबला, पण निधीच्या पेट्या सगळीकडे फिरतायत. बायका सोनं देतायत, शाळा खाऊचे पैसे देतायत. या डिसेंबरात हिंदुस्थानात देण्याची जणू साथ आली आहे.

तुमच्या घरातलंच पाहा ना. आईच्या डाव्या मनगटावर पाटलीच्या जागी एक गोरा पट्टा दिसतो; नोव्हेंबरात बायकांची सभा झाली तिथं पाटली उतरवून दिली ती. घरी येऊन म्हणाली, "एक दिली, एक ठेवली. कुणी विचारलं तर दोन्ही दिल्या म्हणू नका." सध्या तिच्या सुयांवर जवानांसाठी खाकी स्वेटर आहे. बाबा एजी ऑफिसात, कागदोपत्री महालेखापालांच्या कचेरीत. पगारातून एक दिवसाचं वेतन कापून घ्या, असं त्यांनी लिहून दिलंय. वाड्याच्या मागच्या बोळात एक पत्थरफोड राहतो. किल्ल्यापलीकडच्या खाणींत दगड फोडून फोडून त्याची छाती भात्यासारखी वाजते. त्याला गेल्या आठवड्यात घोंगडी गेली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सवाष्ण जेवते, अमावास्येला शिधा निघतो, आणि संक्रांतीला काय काय द्यायचं याची यादी आजीला पाठ आहे. देण्याच्या बाबतीत या घराला नाव ठेवायला जागा नाही.

तिसऱ्या घरी जाण्याआधीच आजीची हाक येते. काकूंनी बातमी पोचवली असणार.

आजी ओट्यावर उभी आहे. तिच्या रागाची तुम्हाला सवय आहे, पण आज ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे. आधी म्हणते, हे ईसाई लोकांचं दिसतंय, हा क्रूस बघ. मग म्हणते, तसं असलं तर असू दे, ज्या शिंद्यांचा गुरू मन्सूर शाह अवलिया, त्यांच्या शहरात आपण कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. मग कनवटीचा बटवा सोडते. "किती होतात सगळ्या पानाचे?"

तुम्ही हिशेब सांगता. आजी मोजून पैसे देते, समोरच्या काकूंनी दिलेले सोडून बाकीचे सगळे, आणि पान घेते. देवघराच्या खणात, पंचांगाखाली, घडी मोडून ठेवते.

"आता कुणाच्या दारात जायचं नाही. मास्तरांना सांग, सगळी विकली."

मास्तर खूश होतील. असोसिएशनला पैसे पोचतील. दान झालं, सगळ्या पानाचं झालं, आणि एकही तिकीट कुठल्या पाकिटावर लागलं नाही.

*

माडीवर जा. जिना अरुंद आहे, कठड्याला धरून जा. आत्या एकोणीस वर्षांची आहे. तिच्यासाठी इंदूरचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. श्रावणात ताप यायला लागला, दसऱ्याला थुंकीत रक्त दिसलं. जयारोग्य रुग्णालयात फोटो निघाला आणि इंदूरला पत्र गेलं की मुलीची परीक्षा आहे, वर्षभर थांबू.

माडीवर सगळं वेगळं आहे. कप वेगळा, त्याच्या कानाला लाल दोरा. ताट वेगळं. चुन्याची निवळी घातलेलं थुंकीचं भांडं, वर झाकण. रोज तिन्हीसांजेला कंपाउंडर येतो, सायकल दोन घरं अलीकडे लावतो आणि स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन देऊन जातो. आयसोनियाझिडची गोळी लहान असते, ती जाते. त्रास पीएएसचा. त्या गोळ्या मोठाल्या, मूठभर घ्याव्या लागतात, पोटात मळमळतं. हे दीड वर्ष करायचं. मध्ये सोडलं तर सगळं पाण्यात.

आजीचं म्हणणं होतं की मुलीला दूर कुठंतरी आरोग्यधामात, मिरजेला नाहीतर पाचगणीला ठेवावी. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मद्रासला १९५६ पासून एका केंद्रात हेच तपासत होते. तिथं काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या गर्दीच्या घरात, दोघांना औषधं तीच. १९५९ पासून निष्कर्ष येऊ लागले: घरचे जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना रोग लागण्याचं प्रमाणही जास्त निघालं नाही. यंदा, १९६२ मध्ये, सरकारने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखलाय तो याच भरवशावर. आजीला मद्रासशी देणंघेणं नव्हतं. पण डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, "माताजी, बच्ची घर में रहेगी तो खुश रहेगी," तेव्हा ती गप्प बसली.

पुढचं वाक्य मात्र तिने ऐकायला नको होतं. डॉक्टर म्हणाले, रोज दोन अंडी द्या.

या घरात अंडं आलेलं नाही, निदान कुणी पाहिलेलं नाही. तेव्हापासून बाबांच्या ऑफिसच्या पिशवीत, फायलींच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धा डझन अंडी येतात. गच्चीवर एक जुनी शेगडी आहे, तिच्यावर आई ती उकडते. भांडं गच्चीवरच राहतं. टरफलं कागदात बांधून बाजारापलीकडच्या नाल्यात टाकायचं काम तुमचं. आजीला हे माहीत आहे. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ती जपमाळ घेऊन पुढच्या खोलीत जाते आणि गच्चीच्या दाराकडे पाठ करून बसते. टीबी शेजाऱ्यांपासून लपवायचा, अंडी आजीपासून, आणि आजीला माहीत आहे हे सगळ्यांपासून. एवढ्या गुपितांच्या घरात दहा वर्षांच्या मुलाला किती जपून बोलावं लागतं, ते आता तुम्हाला कळलं असेल.

*

२५ डिसेंबर, मंगळवार. सुट्टी. बाबा तुम्हाला टांग्यात बसवून मुरारला नेतात. ऑफिसातले एक सहकारी मूळचे अहमदनगरकडचे, मराठी ख्रिस्ती. त्यांच्याकडे फराळाला बोलावणं आहे. निघताना आजोबा मागून ऐकवतात, "डाली घेतली का?"

डालीची गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगितलीय. त्यांच्या तरुणपणी बडा दिवस म्हणजे साहेबाच्या बंगल्यावर डाली पोचवायचा दिवस. वेताच्या टोपल्यांत संत्री, सुका मेवा, केक, वर चांदीचा वर्ख. सरदारांच्या टोपल्या पुढे, ठेकेदारांच्या मागे, कारकुनांच्या अगदी दाराशी. १९०५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स ग्वाल्हेरला आले, तेव्हाचे हत्ती आजोबांनी पाहिलेत. नाताळात ज्याच्याजवळ कमी त्याने ज्याच्याजवळ जास्त त्याला द्यायचं, असा उलटा धर्म हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांनी कित्येक वर्षं पाळला. साहेब गेले आणि टोपल्यांनी दिवाळीची तारीख धरली. बाबा डाली नेत नाहीत. मुरैन्याच्या गजकाचा एक पुडा नेतात.

   

मुरारच्या त्या घरात करंज्या आहेत, चकल्या आहेत आणि केकही आहे. पेटीवर कुणीतरी मराठी गाणं वाजवतंय. चाल अभंगाची, नाव येशूचं. बाबा कान देऊन म्हणतात, "हे आपल्या रेव्हरंड टिळकांचं." भिंतीवर दोरी बांधून नातेवाइकांची नाताळपत्रं टांगलीत. आणि प्रत्येक पाकिटावर, टपाल तिकिटाच्या शेजारी, तुमच्या पानावरचं तिकीट. लाल दुहेरी क्रूस. तुम्ही बोट दाखवता.

घरातल्या काकू केक कापता कापता सांगतात, आवाज खाली न आणता, जसं कुणी मुलाची मुंज सांगतं: "आमच्या थोरल्याला झाला होता ना. वानलेसवाडीला ठेवला होता मिरजेत. आता रेल्वेत आहे. म्हणून मी दरवर्षी पाच पानं घेते."

बाबांच्या हातातली बशी जरा थांबते. तुम्ही त्यांच्याकडे बघायचं टाळा.

हे घर फार धीट होतं असं समजू नका. काकूच पुढे सांगतात, की तो आजारी असताना त्यांच्या स्वतःच्या मंडळीतले लोक वर्षभर चहाला येत नव्हते, प्रार्थनेला एका बाकावर बसत नव्हते. तिकिटं त्यांनी चिकटवायला घेतली ती मुलगा बरा झाल्यावर. आजार चालू असताना त्यांनीही गावाला मलेरियाच सांगितला होता. येशूचं नाव घेतल्याने माणूस शेजाऱ्याच्या जिभेला भ्यायचा थांबत नाही.

परतीच्या टांग्यात बाबा एक अक्षर बोलत नाहीत. बाड्याच्या चौकात घोडा पाणी प्यायला थांबतो. समोर पोस्टाची खांबांची इमारत, बंद. "मिरजेचं आधी कुणी बोललं असतं," बाबा म्हणतात आणि वाक्य तिथंच टाकतात.

*

संध्याकाळी आत्याने हाक मारली की वर जा. तिला सगळं कळलंय. माडीवर पडून राहणाऱ्या माणसाला घरातलं प्रत्येक पाऊल ओळखू येतं.

"आईने सगळं पान घेतलं म्हणे. त्यातलं एक आण."

पंचांगाखालून एक तिकीट फाडून आणणं ही चोरी आहे का, हा प्रश्न तुम्हाला पडतो. आजी ताट-वाट्या लावतेय. तुम्ही आणता. आत्याने इंदूरच्या मैत्रिणीला पत्र लिहिलंय. स्थळवाल्यांच्या गल्लीतच राहते ती मैत्रीण. तुम्ही तिकीट जिभेला लावायला जाता तशी ती जोरात म्हणते, "जिभेने नको! इकडे आण." वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ती तिकीट ओलं करते आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूला, उजव्या कोपऱ्यात, नीट सरळ चिकटवते. हात थरथरतो, पण तो अशक्तपणाने.

बाहेर काळोख आहे, उद्या अमावास्या. टपालपेटी बाजाराच्या तोंडाशी. ओट्यावर बाबा उभे आहेत आणि पाकीट लपवायला तुमच्याकडे वेळ नाही. ते घेतात, दिव्याखाली नेतात. पत्ता वाचतात, तिकीट बघतात. आत आजीच्या जपमाळेचा आवाज थांबलाय.

"यावर टपालाचं तिकीट कुठाय?" बाबा म्हणतात. "हे एकटं चालत नाही. बैरंग होईल, तिला दुप्पट भरावे लागतील."

ते खिशातल्या पाकिटातून खरं तिकीट काढतात, आत्याने नेमका तोच कोपरा अडवलाय म्हणून ते शेजारी लावतात, आणि पत्र तुमच्या हातात देतात. "टाकून ये. आणि मफलर घाल."

*

आता आजच्या तारखेला या. खासगी बाजारात वाडे थोडे उरलेत, मराठी त्याहून थोडी. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी चिमुकली नॅरोगेज गाडी २०२० पासून बंद आहे. टीबी मात्र आहे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांत साधारण एक भारतातला असतो. आणि ती गाडी जिथवर जायची त्या श्योपूर भागातल्या सहरिया आदिवासींची तपासणी झाली, तेव्हा लाखामागे दीड हजारांवर रोगी सापडले. देशाच्या सरासरीच्या कित्येक पट. ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या घाटीगाव भागातही सहरियांची वस्ती आहे.

औषधं बदलली. दीड वर्षाचा उपचार साध्या टीबीत सहा महिन्यांवर आला आणि तो सरकारी केंद्रात फुकट मिळतो. ज्या बाबतीत मद्रासचा धडा आपण अर्धवट वाचला ती बाब म्हणजे अन्न. तिथं घरच्या रोग्यांचा आहार आरोग्यधामातल्यांहून कमी होता, तरी ते बरे झाले. त्यावरून डॉक्टरमंडळींनी धरलं, की औषध असलं की झालं, खाणं दुय्यम. रोगी बरा होण्यापुरतं ते ठीक असेल. घरच्यांचं काय? ते झारखंडमध्ये तपासलं गेलं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने २८०० रुग्णांना दरमहा दहा किलोची शिध्याची टोपली दिली: तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल. निम्म्या भागांत घरातल्या इतर माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथं घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फायलींखालून अंडी आणणाऱ्या बाबांना हे कुणीतरी कळवायला हवं होतं.

सरकार उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी पैसे भरतं. २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. सप्टेंबर २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही योजनाही आहे. माणूस, कुटुंब, कचेरी, मंडळ, कुणीही रुग्ण दत्तक घेऊन दरमहा शिध्याची टोपली देऊ शकतं. रुग्णाची संमती आधी घेतली जाते, आणि ती घ्यायलाच हवी. आत्याने आपलं पाकीट स्वतः चिकटवलं होतं. माझी तक्रार टोपली देतानाच्या फोटोंबद्दल आहे. डिसेंबर-जानेवारीत रुग्णाला मध्ये उभं करून, मागे फलक लावून काढलेले फोटो जिकडेतिकडे फिरतात. देणाऱ्याचं नाव फलकावर मोठं, रुग्णाचा चेहरा उघडा. आत्याच्या तिकिटावर देणाऱ्याचं नाव नव्हतं आणि घेणाऱ्याचा चेहराही नव्हता. रोगाचं नाव तेवढं होतं.

या नाताळात, संक्रांतीत, किंवा घरातल्या कुणाच्या वाढदिवसाला काही द्यायचं मनात असेल तर जिल्हा क्षयरोग केंद्रात जा, नाहीतर निक्षयच्या संकेतस्थळावर मित्र म्हणून नाव नोंदवा. शक्य असेल तर रुग्णाच्या घरच्यांचाही शिधा भरा. किमान सहा महिन्यांचं कबूल करा, कारण उपचार सहा महिन्यांचा आहे आणि पहिल्या महिन्याच्या टोपलीने तो पुरा होत नाही. फोटो काढू नका.